‘आईला काही झालेले नाही’ म्हणणाऱ्या घरासाठी

सांगलीहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे:

“सप्रेम नमस्कार. आमच्या घरी सासू-सासरे, आम्ही दोघे आणि अकरा वर्षांची मुलगी असे पाच जण आहोत. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून त्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, भाजीत मीठ दोनदा पडते, आणि गेल्या श्रावणात गणपतीच्या देवळातून परत येताना, चाळीस वर्षांची पायाखालची वाट असूनही, त्या चुकल्या. मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्ताच्या तपासण्या, एमआरआय आणि स्मरणशक्तीची चाचणी करून तीन महिन्यांपूर्वी अल्झायमरचे निदान केले. त्या वेळी आत मी एकटीच होते. यजमान बाहेर फोनवर बोलत होते. ते म्हणतात, वय झाले की असे होतेच. सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, निवृत्त शिक्षक आहेत. ते दिवसभर सासूबाईंना वार, तारीख आणि नातवंडांची नावे विचारतात आणि उत्तर चुकले की रागावतात. ‘स्तोत्रे एक अक्षर न चुकता म्हणते, मग बाकीचे कसे विसरते?’ असे त्यांचे म्हणणे आहे. नणंद कोल्हापूरहून रविवारी दोन तास येते. तेवढा वेळ सासूबाई छान बोलतात आणि ती निघताना ‘मला सकाळपासून जेवायला दिले नाही’ असे सांगतात. न्यू जर्सीचे भावजी रोज खोबरेल तेलाचे आणि ब्राह्मीचे संदेश पाठवतात. मी चाळीस पानांची माहिती छापून आणली, घरच्या व्हॉट्सॲप गटावर व्हिडिओ टाकले. कोणी वाचले नाही, कोणी पाहिले नाही. परवा मी सासूबाईंवर ओरडले आणि नंतर न्हाणीघरात जाऊन रडले. घरच्यांना हा आजार समजावा म्हणून मी कोणाला काय वाचायला देऊ?”

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सर्वांत आधी जेवणाविषयी लिहिते, कारण तुमच्या घरातील गैरसमजाची सर्वांत दुखरी जागा तीच आहे. सासूबाई सकाळी जेवल्या हे तुम्हाला माहीत आहे, आणि आपण जेवलोच नाही हे त्यांना तितक्याच खात्रीने वाटते. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नाही. मेंदूच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा लहानसा भाग असतो. नुकत्याच घडलेल्या गोष्टीची आठवण म्हणून नोंद करण्याचे काम मुख्यतः त्याच्याकडे असते, आणि अल्झायमरमध्ये ज्या भागांची हानी अगदी सुरुवातीला होते त्यांत तो येतो. त्यामुळे दहा वाजता खाल्लेली भाकरी त्या विसरल्या असे म्हणणेही पुरते बरोबर नाही. विसरण्यासाठी आधी नोंद व्हावी लागते आणि ती बहुधा झालेलीच नसते. जिथे नोंद नाही तिथे मन आपल्या परीने काहीतरी भरून काढते, आणि पोटात थोडी भूक किंवा मनात थोडा एकटेपणा असला की ‘मला कोणी दिले नाही’ हे वाक्य तयार होते. तुम्हाला हे नीट उमगले तर नणंदेशी बोलताना स्वतःचा बचाव करण्याची गरज तुम्हाला वाटणार नाही, आणि समोरच्याला तो फरक तुमच्या आवाजावरूनच कळेल.

या अज्ञानाची किंमत मी माझ्या घरी पाहिली आहे. माझ्या मावशीच्या सोन्याच्या बांगड्या एकदा दिसेनाशा झाल्या आणि तिने कामाला येणाऱ्या बाईंचे नाव घेतले. मावशी आयुष्यभर कधी कोणाविषयी वावगे बोललेली नव्हती, म्हणून आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला, आणि बारा वर्षे आमच्याकडे राबलेल्या त्या बाईंना मी स्वतः उद्यापासून येऊ नका असे सांगितले. बांगड्या दिवाळीत तांदळाच्या डब्यात तळाशी सापडल्या. वस्तू सुरक्षित म्हणून भलत्या जागी ठेवायची, ती ठेवल्याचे विसरायचे आणि मग चोरीचा आळ घ्यायचा, हे या आजाराचे नेहमीचे लक्षण आहे, हे आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. मी त्या बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांनी यावे अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकारही नव्हता. घरच्यांना हा आजार समजला पाहिजे ही तुमची धडपड मला इतकी जवळची वाटते त्याचे कारण हे आहे.

आता तुमच्या चाळीस पानांविषयी. ती कोणी वाचली नाहीत याचे मला नवल वाटत नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. तुमच्या घरातील चारही माणसे हा आजार नाकारत आहेत, पण प्रत्येकाचे नाकारण्याचे कारण निराळे आहे, आणि चाळीस पानांचा एकच गठ्ठा चौघांच्या कारणांना उत्तर देऊ शकत नाही. शिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी मी स्पष्टपणे लिहिते. आपल्याकडे सासूच्या डोक्यावर परिणाम झाला आहे हे सुनेच्या तोंडून ऐकणाऱ्याला आधी सासू-सुनेचे नाते ऐकू येते आणि आजार नंतर ऐकू येतो, किंवा येतच नाही. तुम्ही कितीही शांतपणे आणि कितीही प्रेमाने सांगितले तरी तुमच्या घरात आज निदानाला तुमचा आवाज आहे. तो डॉक्टरांचा व्हायला हवा.

म्हणून पहिले काम वाचनाचे नसून मिरजेच्या पुढच्या भेटीचे आहे. यजमान गाडी चालवत आले आणि बाहेर थांबले, असे या वेळी होऊ देऊ नका. दोन दिवस आधी दवाखान्यात फोन करून, कुटुंबीयांशी बोलण्यासाठी पंधरा मिनिटे वेगळी मिळतील का, असे विचारा. गर्दीच्या वेळी जमत नसेल तर शेवटचा रुग्ण म्हणून वेळ मागा. नणंदेला आग्रहाने बोलवा. ‘आईच्या तब्येतीविषयी तुम्हीच डॉक्टरांना विचारा, माझ्या लक्षात राहत नाही’ असे म्हणा. त्यांच्या मनात असलेला संशयाचा प्रश्नही त्यांनी डॉक्टरांनाच विचारू द्या. डॉक्टरांसाठी एका पानावर गेल्या सहा महिन्यांतील पाच-सहा घटना तारखेसह लिहून आधीच द्या, म्हणजे सासूबाईंच्या समोर त्यांच्या चुकांची यादी वाचण्याची वेळ येणार नाही. त्यांना सगळे समजत नसले तरी आपल्याविषयी बोलले जात आहे हे समजते, आणि त्याचा अपमान प्रसंग विसरल्यानंतरही मनात टिकतो. तेवढा वेळ त्यांच्याजवळ बाहेर कोणीतरी बसेल अशी व्यवस्था करा.

तुमच्या यजमानांचे ‘वय झाले की असे होतेच’ हे वाक्य फक्त त्यांचे नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द आपल्या भाषेने कितीतरी पिढ्या वापरला, आणि त्यामुळे एका आजाराला आपण स्वभाव किंवा वय समजत आलो. त्यांना दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, भारतात साठ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या लोकांची देशव्यापी पाहणी करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) आहे; अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. याचा अर्थ साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी ब्याण्णवांहून अधिक जणांना तो नाही. वयाबरोबर धोका वाढतो हे खरे, पण वयच कारण असते तर नानांनाही तो झाला असता, आणि नाना तर सासूबाईंपेक्षा मोठेच असतील.

दुसरी गोष्ट ज्या रुग्णामुळे हा आजार वैद्यकशास्त्राला माहीत झाला तिची आहे. १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक स्त्री दाखल झाली. तिच्या नवऱ्याला तिच्या वागण्यात आधी संशय आणि मग विसरणे दिसू लागले होते. तेथील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिला तिचे नाव विचारले, तिने ‘ऑगस्टे’ असे सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले, तरीही ती ‘ऑगस्टे’ असेच म्हणाली. १९०६ साली तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेला थर आणि पेशींच्या आत पडलेल्या गुंतागुंतीच्या गाठी त्यांना दिसल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत हे मांडले. १९१० साली जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. थर अमायलॉइड या प्रथिनाचे आणि गाठी टाऊ या प्रथिनाच्या असतात हे पुढे कळले. यजमानांच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट एवढीच की, रुग्णालयात आली तेव्हा ऑगस्टे ५१ वर्षांची होती. म्हातारपणाशी तिचा काही संबंध नव्हता. तुमचे यजमान आज कदाचित त्याच वयाच्या आसपास असतील.

हे सगळे त्यांना भांडणाच्या वेळी सांगू नका. एखाद्या मुलाला आपली आई आपल्याला हळूहळू विसरणार आहे हे मान्य करावे लागते, तेव्हा तो आधी निदानावर रागावतो; तुमच्या यजमानांचा राग तुमच्यावर नसावा असे मला वाटते. लक्षणे दिसण्याच्या सुमारे पंधरा ते वीस वर्षे आधीपासून मेंदूत बदल सुरू झालेले असतात, हे त्यांना डॉक्टरांकडून कळले तर ‘आपण आधी लक्ष दिले असते तर’ या अपराधी भावनेलाही थोडे उत्तर मिळेल. आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसरणे वाढते आणि ते उपचारांनी सुधारू शकते, म्हणूनच डॉक्टरांनी त्या तपासण्या आधी करून घेतल्या, हेही त्यांना कळू द्या. निदान घाईने झालेले नाही याची त्यांना खात्री पटली पाहिजे.

नाना मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण दिवसभर सासूबाईंच्या समोर तेच असतात. त्यांच्या प्रश्नात तर्क आहे आणि त्याला तर्कानेच उत्तर द्यायला हवे. लहानपणी पाठ केलेली आणि साठ वर्षे रोज म्हटलेली स्तोत्रे मेंदूत अनेक ठिकाणी खोलवर रुजलेली असतात. हा आजार तेथे उशिरा पोहोचतो. तसेच हाताला लागलेल्या सवयींचे असते. तुमच्या सासूबाई आजही फुलवाती वळत असतील, मेथी निवडत असतील, धुतलेल्या साडीची घडी कडेला कड लावून घालत असतील, कारण हाताची ही आठवण आजच्या घटनेच्या आठवणीपेक्षा वेगळ्या वाटेने जपली जाते. स्तोत्र आठवते म्हणून वार आठवला पाहिजे, असे होत नाही. नाना चाळीस वर्षे मुलांकडून पाठांतर करून घेत आले. सराव केला की लक्षात राहते हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव आहे, आणि निरोगी मेंदूसाठी तो खराही आहे. ते बायकोला छळत नाहीत, ते तिला आपल्या परीने वाचवू पाहत आहेत. हे आधी ओळखून मगच त्यांच्याशी बोलावे लागेल.

त्यांना ‘विचारू नका’ असे सांगून भागणार नाही, कारण मग त्यांनी करायचे काय? त्यांना काम द्या. संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास अशा रुग्णांची बेचैनी पुष्कळदा वाढते. स्वतःच्याच घरात बसून ‘आता घरी जाऊ या’ असे म्हणणे याच वेळचे. त्या वेळी नानांनी सासूबाईंजवळ बसून शुभंकरोति आणि त्यांची स्तोत्रे त्यांच्याबरोबर म्हणावीत. एखादा शब्द अडला तर थांबून वाट न पाहता आपण पुढे म्हणत राहावे. परीक्षा घेणाऱ्याच्या जागेवरून सोबत म्हणणाऱ्याच्या जागेवर त्यांना आणायचे आहे. त्यांच्यासाठी एक पान मी या उत्तराच्या शेवटी लिहून देत आहे.

नणंदेकडे येते. त्या येतात तेवढे दोन तास सासूबाई प्रसन्न असतात, यात नवल नाही आणि नाटकही नाही. लेक आली की आई सगळे बळ एकवटते. ठरलेली वाक्ये, जुन्या आठवणी आणि पाहुणचाराची सवय यांच्या आधारावर दोन तास निभावून जातात, आणि लेक गेल्यावर त्या थकव्याने रात्र वाईट जाते. लेकीला ती रात्र दिसत नाही. म्हणून त्यांना काही वाचायला देण्याआधी चार दिवस राहायला बोलवा. सासूबाईंना कोल्हापूरला पाठवू नका; अनोळखी घरात गोंधळ वाढण्याची शक्यता असते आणि मग दोष प्रवासाला दिला जाईल. त्यांनीच सांगलीला यावे, रात्री आईच्या खोलीत झोपावे, आणि त्यातले किमान दोन दिवस तुम्ही माहेरी जावे. कृपा करून हे त्यांना धडा शिकवण्याच्या भावनेने करू नका. आईची ही अवस्था पहिल्यांदा पाहणाऱ्या लेकीला त्या रात्री कोणाच्या तरी आधाराची गरज लागेल, आणि तुमचा फोन चालू असला पाहिजे.

या चार दिवसांत त्यांच्या हाती एक वही द्या. छापील पुस्तिकांपेक्षा ही वही तुमच्या घराला अधिक शिकवील असे माझे मत आहे. साधी दोनशे पानी वही घ्या, ती स्वयंपाकघरात टांगून ठेवा, आणि जो समोर असेल त्याने त्यात लिहावे: वार, वेळ, काय घडले, त्याआधी काय घडले होते, आणि कशाने शांत वाटले. उदाहरणार्थ, ‘मंगळवार, संध्याकाळी साडेसहा. घरी जायचे म्हणून पिशवी भरली. त्याआधी दिवे गेले होते. नानांनी अंगणात फेरी मारून आणली, नंतर शांत.’ यात मत नको, तक्रार नको, ‘मुद्दाम’ हा शब्द तर अजिबात नको. वहीत जेवणाच्या वेळाही लिहा. वाटल्यास जेवल्यानंतर त्यांचे ताट लगेच न उचलता थोडा वेळ समोर राहू द्या, आणि तरीही त्यांनी मागितले तर ‘आत्ताच जेवलात ना’ असे न म्हणता एक केळे किंवा अर्धी वाटी दहीभात द्या. दोन महिन्यांनी ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते आणि घरातील चौघांना एकाच पानावर आणते. एकाच घरात राहून प्रत्येकजण वेगळीच आई पाहत होता, हे त्यांना त्यातून दिसते.

भावजींविषयी थोडक्यात. दूर असलेल्या मुलाला हाताने काही करता येत नाही, म्हणून तो उपाय पाठवतो. खोबरेल तेलाने किंवा ब्राह्मीने हा आजार थांबतो किंवा उलटतो असा पुरावा नाही, आणि चालू औषधांबरोबर कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डोनेपेझिल, मेमँटिन यांसारखी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात. आजार बरा करणारे औषध आज नाही. अमेरिकेत २०२३ साली मंजूर झालेले लेकॅनेमॅब सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांमध्ये आजाराचा वेग काहीसा कमी करते, पण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करून ते द्यावे लागते, आणि गेलेली स्मृती त्याने परत येत नाही. भावजींना हे तुम्ही सांगू नका. ते जिथे राहतात तिथेच अल्झायमर्स असोसिएशन ही मोठी संस्था आहे आणि तिची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते. घरात कोणताही नवा उपाय येण्याआधी तो तपासण्याची जबाबदारीच त्यांच्याकडे द्या. आईशी व्हिडिओवर बोलताना ‘ओळखलेस का मला?’ असे न विचारता ‘आई, मी तुझा धाकटा बोलतोय’ अशी सुरुवात करायलाही सांगा.

मुलीचा तुम्ही पत्रात एकदाच उल्लेख केला आहे, आणि माझी चिंता तिच्याविषयी आहे. मोठ्यांचे वाद ती ऐकत असणार आणि कोणी तिला काही सांगितलेले नसणार. तिला सांगा की आजीच्या मनातील वहीत जुनी पाने अजून वाचता येतात, पण नवीन पानांवर लिहायला गेले की पेनातील शाई उमटत नाही. म्हणून आजी तुझ्या परीक्षेविषयी पुन्हा पुन्हा विचारते, तिचे तुझ्याकडे लक्ष नाही म्हणून नव्हे. हा संसर्गजन्य आजार नाही, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि आजी चिडली तर तो राग तुझ्यावर नाही, एवढे तिला स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे. पुढे जुनी पानेही पुसट होतील का, असे तिने विचारले तर हो म्हणा. तिच्याकडून न्हाणीघराच्या आणि खोलीच्या दारांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहून घ्या आणि जुन्या फोटोंची एक चिकटवही करून घ्या. मुले हे काम मोठ्यांपेक्षा मनापासून करतात.

तयार साहित्य हवेच असेल तर ते एका वेळी एकच आणि एकत्र बसून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली ‘आयसपोर्ट’ हा घरच्या काळजीवाहकांसाठीचा विनामूल्य अभ्यासक्रम आणला; त्याचे पाच भाग आहेत आणि वागण्यातील बदलांविषयीचा शेवटचा भाग तुमच्या यजमानांनी आणि नणंदेने पहिल्यांदा पाहावा असे मी सुचवते. १९९२ साली स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था कुटुंबांना माहिती आणि मार्गदर्शन देते. तिच्या शाखा अनेक शहरांत आहेत. वाचनाचा कंटाळा असलेल्या घरासाठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट मला फार उपयोगी वाटतो. त्यात हा आजार झालेल्या संस्कृतच्या विद्वानाची भूमिका मोहन आगाशे यांनी केली आहे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. आणि क्षणभर गाडीत एकटे ठेवलेले वडील हत्तीच्या मागे निघून जातात तेव्हा लेकीची जी अवस्था होते ती कोणतीही पुस्तिका सांगू शकणार नाही. सासूबाई झोपल्यावर यजमान आणि नणंद यांच्याबरोबर तो पाहा, आणि संपल्यावर लगेच काही समजावू नका. आजाराच्या अखेरच्या टप्प्यांविषयीचे साहित्य मात्र आज नानांच्या हाती देऊ नका. ते यजमानांना कळणे आवश्यक आहे, कारण बँकेची खाती, सह्या आणि मालमत्तेविषयी सासूबाईंची स्वतःची इच्छा यांविषयी त्या सांगू शकतात तोवरच वकिलांशी बोलून घेतलेले बरे.

तुम्ही ओरडलात, रडलात, आणि ते मला लिहून कळवलेत. थकलेले माणूस ओरडते. तुमचे नाव काळजीवाहकांच्या यादीत आहे हे घरातील कोणी अजून मान्य केलेले नाही, पण त्यांच्या मान्यतेची वाट पाहत थांबू नका: दिवसाला दोन तास सोबतीला एखादी बाई मिळते का ते आजच पाहा, आणि बोलावेसे वाटले तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत, कोणत्याही वेळी बोलता येते. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा ‘एल्डरलाइन’चा क्रमांकही जवळ ठेवा. गल्लीतील दोन-तीन शेजाऱ्यांना आणि देवळाच्या वाटेवरील फुलवाल्यांना ‘आई वाट चुकतात, दिसल्या तर फोन करा’ एवढेच सांगून तुमचा क्रमांक द्या. आजाराचे नाव घेण्याची गरज नाही. आणि हे सगळे करूनही एखादी व्यक्ती मानणार नाही, असे होऊ शकते. मी अशी घरे पाहिली आहेत. तिथेही एक माणूस पटले की घरातील वागणे बदलू लागते. तुमच्या घरी ते माणूस नाना ठरतील असे मला वाटते.

नानांचे पान मी खाली लिहिते. ते मोठ्या अक्षरांत छापून घ्या, मिरजेच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांना योग्य वाटेल तो बदल करू द्या, आणि शेवटी त्यांची सही घेऊन त्यांच्याच हातून ते नानांना मिळू द्या. त्यावर तुमचे नाव नको आणि माझेही नको.

“आपल्या पत्नीच्या मेंदूला अल्झायमर हा आजार झाला आहे. त्यांना नवीन गोष्टींची नोंद ठेवता येत नाही. हा हट्ट नाही, आळस नाही आणि दुर्लक्षही नाही. पाय मोडलेल्या माणसाला आपण धावण्याचा सराव करायला सांगत नाही, त्याचप्रमाणे त्यांना वार, तारीख किंवा नावे विचारून सराव देऊ नये. चुकल्याचे दुःख त्यांना होते आणि प्रश्न विसरल्यावरही ते दुःख राहते.

त्यांना स्तोत्रे येतात याचे कारण ती लहानपणापासून रोज म्हटलेली आहेत. आजार त्या आठवणींपर्यंत अजून पोहोचलेला नाही. ती आपण त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी म्हणावीत.

त्यांनी एकच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहाही वेळा तेच छोटे उत्तर द्यावे. ‘आत्ताच सांगितले ना’ असे म्हणू नये. वार सांगायचा असेल तर आपणच सांगावा: ‘आज गुरुवार आहे, आज आपण दत्ताला जाऊ.’ कोणी आले तर त्यांना ओळखायला न सांगता आपणच नाव घ्यावे: ‘ही बघ, आपली लेक आली.’

त्या जे नसलेले बोलतील ते खोडू नये. त्यांना भीती वाटत आहे का, भूक लागली आहे का, कोठे दुखत आहे का, ते पाहावे.

आपण चाळीस वर्षे वर्गात ज्या मुलाला येत नव्हते त्याच्याजवळ बसून शिकवले. येथे शिकवायचे काही नाही. जवळ बसावे.”